शब्दकोड्याला तीन रकाने द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातले शब्दकोडे सध्या जेमतेम एका रकान्यात कोंबलेले असते. रविवारी तरी ते तीन रकान्यांत यावे, ही विनंती. मागणी एका ओळीत संपते. तिचे कारण सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

विदर्भातल्या खेड्यांत आज घरटी दोघेच उरले आहेत. लेकरे पुण्याला, नागपूरला, हैदराबादला. पेरणी-निंदणाच्या दिवसांत बोलायला विषय असतात. एरवी शेताचा हिशेब आणि औषधाच्या गोळ्या झाल्या की एक जण टीव्हीसमोर आणि दुसरा मोबाइलवर. एका छपराखाली राहून दोघांनी मिळून करावे असे काहीच उरत नाही. ब्रिटनमधल्या निवृत्त जोडप्यांपुढेही हाच प्रश्न असतो. मुले तिथेही लांबच असतात, हिवाळ्यात तर दुपारी चारलाच अंधारून येते. त्यांनी या रिकाम्या वेळेला जी उत्तरे शोधली ती साधी आहेत, स्वस्त आहेत आणि दोघांनाही काम देणारी आहेत. त्यातली काही इथे जशीच्या तशी चालतात, काहींना आपल्या हवेप्रमाणे आणि आपल्या लिपीप्रमाणे बदलावे लागते.

त्यांची सकाळ किटलीपासून सुरू होते. तिथली विजेची किटली बहुधा ३ किलोवॉटची, म्हणून लिटरभर पाणी अडीच मिनिटांच्या आत-बाहेर उकळते. आपल्यासारखे दूध, साखर, अद्रक एकत्र कढवत नाहीत. उकळते पाणी पत्तीवर ओतायचे, झाकायचे, नंतर थंड दूध घालायचे. चहाची चव तपासण्यासाठी ब्रिटिश मानकावर बेतलेले आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये आले. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण दिले आहे. घरी पिण्यासाठी तीन-चार मिनिटे पुरतात. ही सवय केवढी खोल आहे ते एका आकड्यावरून कळते. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरले. सामना संपताच देशभर किटल्या सुरू झाल्या, घरोघरी दिवे लागले आणि विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटने चढली. आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची पूर्ण क्षमता २,९२० मेगावॉट आहे, म्हणजे बघा.

आता अशा किटल्या तालुक्याच्या बाजारातही मिळतात, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. आपल्याकडच्या बहुतेक किटल्या १५०० वॉटच्या असतात. गावात व्होल्टेज १८० वर उतरले की त्या ९०० वॉटच्या आसपासच काम करतात, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाणी उशिरा तापले म्हणजे किटली बिघडली असे नव्हे. घरगुती इन्व्हर्टरवर ती लावू नये. दुसरी गोष्ट बोअरच्या जड पाण्याची. लंडनच्या आसपास चुनखडीची जमीन असल्याने तिथलेही पाणी जड आहे. चहावर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो आणि किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. आपल्या बोअरच्या पाण्याचेही तेच. पाण्यातल्या चुन्याचा, चहातल्या द्रव्यांचा आणि हवेचा संयोग होऊन तो तवंग धरतो. कोऱ्या चहात लिंबाचे चार थेंब पिळले तर धरत नाही. किटलीतला थर खरवडू नये. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व टाकून उकळावे, अर्धा तास तसेच ठेवावे, मग दोनदा विसळावे.

चहाच्या कपाशेजारी घडी घातलेला पेपर असतो, आणि त्या घडीत शब्दकोडे. पहिले शब्दकोडे लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचले आणि ते २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या अमेरिकन वृत्तपत्राच्या रविवार अंकात आले. आकार शंकरपाळ्यासारखा होता. ब्रिटनमध्ये डेली टेलिग्राफने १९२५ मध्ये आणि टाइम्सने १ फेब्रुवारी १९३० पासून ते रोज छापायला घेतले. जानेवारी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, टेलिग्राफने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. त्यात उतरलेल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी बोलावणे गेले. शंभर वर्षे तिथल्या संपादकांनी या चौकोनाची जागा जपली, कारण तो काढला की वाचक दाराशी येतात हे त्यांना ठाऊक आहे.

त्यांचे कोडे १५ बाय १५ घरांचे असते. आपण तोच आकडा उचलला तर फसतो. इंग्रजीत एका घरात एक वर्ण, मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. विदर्भाचे अकरा जिल्हेच घ्या. अमरावती, यवतमाळ, गडचिरोली ही पाच अक्षरांची. नागपूर, चंद्रपूर, बुलडाणा चार. अकोला, वाशीम, भंडारा, गोंदिया तीन. वर्धा दोनच. गडचिरोली इंग्रजीत लिहायला दहा घरे लागतात, मराठीत पाच. म्हणून मराठी कोडे ९ बाय ९ चे असले की नीट बसते. रविवारी फार तर ११ बाय ११. (जोडाक्षराबद्दल नवशिक्यांचा गोंधळ होतो, म्हणून कोड्याखाली एक ओळ कायम असावी: महाराष्ट्र म्हणजे चार घरे, स्वयंपाक चार, ट्रॅक्टर तीन.)

९ बाय ९ ची चांगली जाळी कशी आखायची ते सांगतो, म्हणजे आपल्या कोडेकारांना आणि घरी करून पाहणाऱ्यांनाही उपयोग होईल. समजा ओळी वरून खाली आणि रकाने डावीकडून उजवीकडे १ ते ९ मोजले. जिथे ओळही सम आणि रकानाही सम, अशी १६ घरे काळी करा. मधोमधचे, पाचव्या ओळीतले पाचवे घर काळे करा. मग पहिल्या ओळीत चौथे, तिसरीत सहावे, सातवीत चौथे, नववीत सहावे. उभ्या रकान्यांत पहिल्यात चौथे, तिसऱ्यात सहावे, सातव्यात चौथे, नवव्यात सहावे. झाली २५ काळी घरे, उरली ५६ पांढरी. आडवे दहा, उभे दहा असे वीस शब्द बसतात: आठ शब्द तीन अक्षरी, चार शब्द चार अक्षरी, आठ शब्द पाच अक्षरी. कागद उलटा फिरवला तरी जाळी तशीच दिसते. ब्रिटिश कोड्यांत ही शिस्त पाळतात आणि ती नुसती शोभेची नाही. कुठलाही कोपरा फार सोपा किंवा फार बंदिस्त होत नाही.

या जाळीचा खरा फायदा असा की प्रत्येक शब्दाची निदान निम्मी अक्षरे दुसऱ्या शब्दातून मिळतात. तीन अक्षरी शब्दात पहिले आणि तिसरे, पाच अक्षरीत पहिले, तिसरे, पाचवे. मराठी दैनिकांतली बरीच कोडी इथेच अडतात. तीन अक्षरी शब्दाला एकाच ठिकाणी छेद असतो, तो शब्द माहीत नसेल तर बसा डोके धरून. मग माणूस कंटाळतो आणि कोडे अवघड आहे म्हणतो. ते अवघड नसते, आखणी चुकलेली असते.

दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची. १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार, आणि-तथापि यांसारखे मोजके अपवाद सोडले तर, दीर्घ. म्हणजे ‘नदी’च्या शेवटच्या घरातून ‘दिवस’ खाली उतरू शकत नाही. ‘दीपक’ उतरू शकतो. कोडेकार घाईत असला की ‘दि’ आणि ‘दी’ एकच धरतो. सोडवणाऱ्या दोघांमधला एक शुद्धलेखनाचा पक्का असेल तर तिथेच गाडी थांबते, आणि चूक आपली की पेपरची हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. म्हणून जिथे एक शब्द संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या घरात अकारान्त, आकारान्त किंवा एकारान्त अक्षर टाकावे. तेही कुठलेही नाही: ळ आणि ण ने मराठीत शब्द सुरू होत नाहीत. वर सांगितलेल्या जाळीत पहिल्या ओळीच्या शेवटच्या पाच घरांत ‘यवतमाळ’ बसते, पण त्या ‘ळ’पासून नवव्या रकान्यातला शब्द सुरू करायचा असल्याने ते बाद. तोच शब्द नवव्या ओळीच्या पहिल्या पाच घरांत टाका. त्याच्या ‘ळ’वर पाचव्या रकान्यातून ‘वावटळ’ बरोबर येऊन उतरते. भरायला घेताना म्हणूनच आधी पाच अक्षरी शब्द आणि कोपरे भरावेत, तीन अक्षरी शेवटी. उलट केले की शेवटचा कोपरा हमखास अडतो आणि कोडेकार कुणी कधी न ऐकलेला संस्कृत शब्द तिथे ठोकून देतो.

ब्रिटिश जोडप्याला जास्त रंगवते ते त्यांच्याकडचे कूटसूत्रांचे कोडे. त्यात सूत्राच्या, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या ओळीच्या, एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात शब्दाची जुळवाजुळव. कंसात अक्षरसंख्या देतातच. हे मराठीत जमणार नाही असे समजण्याचे कारण नाही. उलट अक्षर हे एकक असल्यामुळे आपली सूत्रे कानालाही कळतात. नमुन्यादाखल:

‘रवा उलटा केला की आठवड्यातला एक दिवस (२)’. उत्तर वार.

‘कमर हलवली की दिसते रास (३)’. ‘हलवली’ म्हणजे अक्षरांची अदलाबदल. मकर.

‘सापामागून महापूर, तोही विदर्भातल्या शहरात (४)’. नाग आणि पूर.

‘काका मडके घेऊन बसले, आत दडले कष्ट (२)’. ‘काका मडके’ सलग वाचा, मधोमध काम आहे.

‘उलटले तरी पाण्यावरच राहते (३)’. जहाज.

अशा सूत्राचे दोन कायदे कोडेकाराने मोडता कामा नयेत. प्रत्येक शब्दाला काम हवे, भरतीचा शब्द नको. आणि सरळ अर्थ टोकालाच हवा, मध्ये दडवायचा नाही. हे कायदे पाळले की उत्तर सापडल्यावर मनाला शंका राहत नाही. आठवड्यातून एकदा पाचच कूटसूत्रे साध्या कोड्यात मिसळून दिली तरी सवय लागेल. सूत्रांत वऱ्हाडी आणि झाडीबोलीतले शब्दही येऊ द्या. पुण्या-मुंबईच्या नाटकांची नावे विचारून झाली असतील तर एखादे दिवशी ‘दोन गोष्टी जोडायच्या असतील तर वऱ्हाडात कोणते अव्यय वापरतात’ असे विचारा. उत्तर ‘अन्’ आहे, आणि ते दोन घरांत बसते की एका, यावर घरात अर्धा तास जाईल.

सोडवण्याची पद्धतही दोघांची आहे. एक जण सूत्रे मोठ्याने वाचतो आणि आडवे शब्द सांभाळतो, दुसरा पेन्सिल धरतो आणि उभे. ज्याची नजर अधू झाली असेल त्याने पेन्सिल धरू नये, वाचूही नये. त्याने ऐकावे, कूटसूत्रे बहुधा त्यालाच आधी सुचतात. एका सूत्रावर तीन मिनिटांपेक्षा जास्त अडायचे नाही, पुढे जायचे. खात्री नसलेले अक्षर फिकट लिहायचे आणि त्याला दुसऱ्या शब्दाने दुजोरा मिळाला की ठळक करायचे. पहिल्या फेरीत सर्वांत सोपी सूत्रे म्हणजे गाळलेल्या जागा आणि म्हणी. मोबाइलवर उत्तर शोधायचे नाही. अडल्यास शब्दकोश काढायचा, पण दोघांच्या संमतीने. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास, फार पातळ असतो. जेल पेनची शाई फुटते, एचबी पेन्सिलीचे टोक कागद खरवडते. २बी पेन्सिल आणि मागे जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, एवढे साहित्य बास.

याच कारणाने छपाईबद्दल लिहायचे आहे. घर निदान एक सेंटीमीटरचे हवे. ‘ष्ट्री’ किंवा ‘क्रू’ साठी वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा लागते, रोमन वर्णाला ती लागत नाही. सूत्राचा आकडा घराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अगदी बारीक असावा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी त्याच्यावर चढते. काळी घरे पूर्ण काळी न छापता गडद राखाडी छापली तर मागच्या पानावरचा मजकूर खराब होणार नाही. अकरा घरांचे कोडे ११ सेंटीमीटर होते, म्हणजे तीन रकाने. उत्तर त्याच पानावर उलटे छापू नका. डोळा तिकडे जातोच. दुसऱ्या दिवशीही नको, कारण आडबाजूच्या गावांत पेपर एसटीने येतो आणि रविवारची पुरवणी काही ठिकाणी सोमवारी हातात पडते. मंगळवारी उत्तर द्या.

ब्रिटिश जोडप्याचा दुसरा विरंगुळा म्हणजे भाड्याने घेतलेला भाजीचा तुकडा. १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर असे तुकडे देण्याची जबाबदारी टाकली. प्रमाण तुकडा १० रॉडचा, आणि आपला एक गुंठा बरोबर ४ रॉडचा, म्हणजे अडीच गुंठे. त्यासाठी आपल्याकडे ना कायदा लागतो ना वर्तमानपत्र. घरामागे वाडी आहेच.

पक्षिगणनेसाठी मात्र आपली मदत लागेल. पक्षिरक्षणासाठी १८८९ पासून काम करणारी आरएसपीबी ही संस्था १९७९ पासून तिथे दर जानेवारीच्या शेवटच्या आठवडाअखेरीस बागेतले पक्षी मोजायला सांगते. फक्त एक तास. दोघे खिडकीशी बसतात, एक बघतो, एक लिहितो. उडत गेलेला पक्षी धरायचा नाही, अंगणात उतरलेलाच धरायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे: तासाभरात दिसलेल्या चिमण्यांची बेरीज करायची नाही. एका नजरेत जास्तीत जास्त किती दिसल्या तोच आकडा लिहायचा. पाच मिनिटांनी ६, मग ४, मग ९ दिसल्या तर उत्तर ९, १९ नव्हे, कारण त्याच चिमण्या पुन्हा पुन्हा येतात. तिथे सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक चिमणीचा आहे, आणि ती आपल्या वळचणीला घरटे करते तीच जात आहे. तरीही ती तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. हे कळले ते अशा मोजणीमुळेच.

भारतात २०१३ पासून दर फेब्रुवारीत चार दिवसांची परसदारी पक्षिगणना होते. तीत निदान पंधरा मिनिटे मोजावे लागते. त्याआधीच्या रविवारी आपण कोड्याशेजारी एक तक्ता छापावा: चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला, सातभाई, दयाळ, कोतवाल, राघू, भारद्वाज, कावळा, आणि खाली पाच रिकाम्या ओळी. सकाळी सात ते आठची वेळ द्या, ऊन चढले की पक्षी झाडात शिरतात. पाण्यासाठी मातीचे पसरट परळ, खोली तीन ते पाच सेंटीमीटर, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पिलू पडले तरी बुडत नाही. सावलीत, पण झुडपापासून दोन मीटर लांब, कारण मांजर झुडपातूनच झेप घेते. पाणी रोज बदलायचे, परळ आठवड्याने घासून उन्हात वाळवायचे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यांत घशाचा संसर्ग पसरला आणि ते झपाट्याने कमी झाले. आजारी पक्ष्यांनी उष्टावलेले दाणे आणि पाणी हे त्याचे एक मोठे कारण. दाण्यासाठी ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी चालते. मिठाचे शिळे अन्न घालू नये.

तक्ता फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आला तर आमच्या भागात तो वेळेत पोचेल, आणि हरभऱ्याच्या सोंगणीआधी दोघांना सकाळचा तास मोकळा सापडेल.

आपले,
दोन नियमित वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ